पासवर्ड तीनदा बदलला, तरी आमची मेल दुसरंच कोणीतरी वाचतंय

उद्यमबागचा_टर्नर
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत माझी छोटी शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक म्हातारी सीएनसी, चार माणसं. ऑफिस म्हणजे पार्टिशन मारलेली आठ बाय दहाची खोली, त्यात एक कॉम्प्युटर. ई-मेल पोरानं 2009 साली काढून दिली, तीच आजपर्यंत चाललीय.

गेल्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या गिऱ्हाइकाचं पेमेंट थकलं. फोन केला तर म्हणतात, "अहो मंगळवारीच टाकलं की! तुम्ही नवीन खातं कळवलंत, त्याच्यावर." मी कुठलं खातं कळवलं? त्यांनी मेल दाखवली. आमच्याच पत्त्यावरून गेलेली, आमचंच लेटरहेड, इन्व्हॉइसचा नंबर बरोबर, रक्कमही बरोबर, 2,86,740. फक्त बँकेचं खातं दुसरंच, तेही कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या शाखेचं. इंग्रजी मात्र एकदम फर्स्ट क्लास. मी इतकं शुद्ध कधीच लिहीत नाही, तिथंच त्यांना संशय यायला पाहिजे होता.

पासवर्ड बदलला. आठवड्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला तसलीच मेल. परत बदलला, परत तेच. काल हुबळीच्या पार्टीनं फोन करून विचारलं म्हणून वाचलो. तिसऱ्यांदा बदललाय, पण भरवसा नाही. कॉम्प्युटरवाला म्हणतो, फॉर्मॅट मारू, 800 रुपये. मारावा का? आणि पासवर्ड बदलूनही हा बाबा आत येतो कसा?

कुंदाप्रेमी
2009 पासून पासवर्ड एकच होता का? शेवटी 123 होतं का? खरं सांगा.

उद्यमबागचा_टर्नर
123 नव्हतं. गावाचं नाव आणि पुढं 1956.

कुंदाप्रेमी
मग झालं की ओ! निम्म्या बेळगावाचा पासवर्ड तोच असणार. तुमचं एकट्याचं नाही, आता अर्ध्या गावाला बदलायला लागणार.

शहापूरचा_पुण्यात
1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं गावाचं स्पेलिंग बदललं, मी पासवर्डातलं बदललं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नाला स्वतंत्र धागा आहे, त्याची 412 पानं झालीत, तिकडं जावं. आणि कृपा करून कोणीही इथं आपला पासवर्ड लिहू नका, जुनासुद्धा.

किल्लातलाव
टर्नरसाहेब, फॉर्मॅटचं नंतर बघू. शिरोलीवाल्यांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला होता का? पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत, म्हणजे तक्रार त्यांनी करायची. तिथं नोंद झाली की निरोप थेट पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडं जातो आणि रक्कम खात्यात शिल्लक असेल तर गोठवतात. चोर मात्र तासाभरात पैसे चार खात्यांत फिरवून एटीएममधून काढायला बसलेला असतो. त्यामुळं हा फोन त्याच दिवशी जायला लागतो. उशीर झाला असला तरी करायला लावा. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर. आपल्याकडं बेळगावात सीईएन ठाणं आहे, सायबर, आर्थिक गुन्हे आणि अमली पदार्थ, तिन्ही खाती एका ठाण्यात.

उद्यमबागचा_टर्नर
कसला 1930? पहिला आठवडा ते माझ्याशी भांडले, दुसरा आठवडा मी त्यांच्याशी. त्यांना वाटलं मी पैसे घेऊन नाही म्हणतोय, मला वाटलं ते न देता दिले म्हणतायत. मग एका ठाण्यात गेलो तर म्हणाले, पैसे कोल्हापूरच्या पार्टीचे, तिकडं जावा. ते तिकडं गेले तर ऐकून आले, मेल बेळगावची, तिकडं जावा.

शहापूरचा_पुण्यात
संपादक, बघा, सीमाप्रश्न मी आणला नाही. चोरानं आणला.

वकील_नव्हे_कारकून
1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं खबर नोंदवून घ्यायची असते. नंतर ती योग्य ठाण्याकडं पाठवणं हे त्यांचं काम, तुमचं नव्हे. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 ची कलमं 66सी आणि 66डी लिहा. पहिलं दुसऱ्याचा पासवर्ड, सही वापरण्याबद्दल, दुसरं कॉम्प्युटरवरून तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मेलची नुसती प्रिंट देऊ नका. मूळ मेल शिरोलीवाल्यांच्या इनबॉक्समध्ये तशीच राहू दे, खोडू नका, तिच्या पोटात ती कुठून कुठून फिरून आली ते लिहिलेलं असतं.

निपाणीचा_मावळा
चांगला विकतचा अँटिव्हायरस टाका, विषय संपला. मी दरवर्षी भरतो, आजवर काही झालं नाही.

किल्लातलाव
मावळे, तुमच्या घरात चोर शिरला नाही याचं श्रेय कुत्र्याला की नशिबाला, कसं ठरवणार? विंडोजमध्ये डिफेंडर फुकटात येतो, तो चालू ठेवला आणि अपडेट येतील तसे घेतले तर घरच्या कामाला पुष्कळ आहे. इथं मुद्दा वेगळा आहे. मेल टर्नरच्या कॉम्प्युटरात राहत नाही, ती लांब सर्व्हरवर असते. शेडचं कुलूप बदललं म्हणून बँकेतल्या लॉकरची दुसरी चावी रद्द होते का?

निपाणीचा_मावळा
कुत्रा पण आहे, आणि तो पण विकतचा आहे.

खानापूरची_माहेरवाशीण
मी तालुक्यात एका सेवा केंद्रावर बसते. कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलचे अर्ज, उतारे, पेन्शन, सगळं. रोज काय बघते ते सांगते.

माणूस येतो, फॉर्ममध्ये ई-मेल विचारतात. "माझी नाही गं बाई, तुझीच घाल." आधी मी घालत होते. एक दिवस मोजलं तर शंभरावर लोकांची खाती माझ्या एका मेलवर. कोणाचा ओटीपी, कोणाचा पासवर्ड बदलायची लिंक, सगळं माझ्याकडं! मी चांगली म्हणून बरं. माझी मेल फुटली असती तर? तेव्हापासून बंद केलं. आता प्रत्येकाला स्वतःची काढून देते आणि चिठ्ठीवर लिहून देते. शिव्या खाते, वेळ जातो म्हणून.

दुसरं म्हणजे लोक नेट कॅफेत मेल उघडतात आणि तशीच सोडून जातात. डाउनलोडच्या फोल्डरात तर आधार, पॅन, पासबुक, लग्नाची पत्रिका, सगळ्या गावाची कुंडली. संध्याकाळी मी तो फोल्डर रिकामा करते, पण प्रत्येक ठिकाणी करतात असं नाही.

आणि आपल्या भागातली खास अडचण. बँकेचे मेसेज कन्नडमध्ये येतात. वयस्कर मराठी माणसाला वाचता येत नाही, मग "काय आहे बघूया" म्हणून निळी ओळ दाबतो. खरा मेसेज आणि खोटा मेसेज त्याला सारखाच अगम्य. मी आईला एवढंच सांगितलंय, वाचता आलं नाही की दाबायचं नाही, शेजारच्या कन्नड काकूंना दाखवायचं. काकूंनी आजवर दोन खोटे पकडलेत. आता गल्लीतले सगळेच त्यांच्याकडं फोन घेऊन जातात.

कुंदाप्रेमी
या काकूंनाच सीईएन ठाण्यात बसवून सोडा की.

अनगोळचे_आजोबा
माझे सगळे पासवर्ड एका वहीत आहेत. वही देव्हाऱ्याच्या खणात. नातू म्हणतो हे चूक. मी म्हणतो हॅकर काय अनगोळात येऊन देव्हारा उघडणार आहे?

धारवाडी_पेढा
आजोबा, नातवाचं बरोबर आहे. पासवर्ड कधीही लिहून ठेवायचा नसतो. आणि दर महिन्याला बदलायचा असतो. आमच्या ऑफिसात सक्ती आहे.

किल्लातलाव
पेढे, दोन्ही नियम जुने झाले. अमेरिकेच्या मानक संस्थेनं, निस्टनं, 2017 मध्येच सांगून टाकलं की ठरावीक मुदतीनं बदलायची सक्ती करू नका, फुटल्याचा संशय असेल तेव्हा बदलायला लावा. कारण सक्ती केली की माणूस काय करतो? जून1 चा जुलै2 करतो. तुम्ही काय करता?

धारवाडी_पेढा
... जून06, जुलै07.

किल्लातलाव
संपादकांनी वर काय सांगितलं होतं?

आजोबांची वही मला चालते. जगातल्या हॅकरला वही दिसत नाही. धोका वहीत नाही, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यात आहे. कुठल्या तरी चप्पल विकणाऱ्या साइटवरून यादी फुटते, मग तीच जोडी यंत्रानं मेलवर, बँकेवर लावून बघतात. 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट 2013 पासून आहे, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसानं काढलेली. आपला मेलचा पत्ता घातला की कुठल्या कुठल्या फुटलेल्या यादीत तो आहे ते सांगते. पासवर्ड विचारत नाही. तुमचा पत्ता सापडला तर दचकू नका, माझा सात ठिकाणी सापडला.

जांबोटीचा_मधमाशा
सगळे टू-स्टेप लावा म्हणतात, म्हणजे पासवर्डानंतर वर एक कोड. अहो, आमच्याकडं कणकुंबीच्या पुढं गेलं की मोबाईलला दांडीच नाही. ओटीपी येणार कुठून? एकदा मेल उघडायला चोर्ल्याच्या वळणावर जीप थांबवून, टपावर चढून ओटीपी घेतलाय. पाऊस होता. ओटीपी आला तोवर मुदत संपली.

खानापूरची_माहेरवाशीण
दादा, एसएमएसवाला सोडा, ऑथेंटिकेटर ॲप घ्या. ते फोनमधल्या घड्याळावर आणि सुरुवातीला एकदा घेतलेल्या गुप्त किल्लीवर दर 30 सेकंदांनी नवा आकडा काढतं, त्याला रेंज लागत नाही. फक्त फोनची वेळ बरोबर पाहिजे. शिवाय गुगल दहा बॅकअप कोड देतं, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत ठेवा. फोन हरवला तर तोच आधार. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत.

जांबोटीचा_मधमाशा
लावलं. विमानमोड टाकून बघितलं, आकडे पडतायत. आता जीप फक्त भजी खायला थांबणार.

शहापूरचा_पुण्यात
मूळ प्रश्न राहिलाच. टर्नर, दोन गोष्टी सांगा. एक, त्या कॉम्प्युटरवर काही चोरीचं सॉफ्टवेअर आहे का? दोन, हुबळीवाल्यांना आलेली मेल नीट अक्षर अक्षर वाचा. पत्ता खरंच तुमचाच आहे?

उद्यमबागचा_टर्नर
ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर क्रॅकवालं आहे. एका पोरानं मार्चमध्ये पेनड्राइव्हवरून टाकून दिलं. टाकताना अँटिव्हायरस बोंबलत होता म्हणून त्यानं तो बंद केला. उद्यमबागेत कोणाकडं विकतचं आहे ते दाखवा.

पत्ता बघतो, थांबा. चष्मा शोधतोय.

उद्यमबागचा_टर्नर
अरे देवा. पत्ता आमचा नाही. आमच्या नावात जिथं 'एम' आहे तिथं त्यानं 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी घातलेत. नुसतं बघून कळतच नाही. शिरोलीवाल्यांची पहिली मेल मात्र आमच्याच पत्त्यावरूनची आहे, ती तीनदा तपासली.

शहापूरचा_पुण्यात
बरोबर. मला काय झालं असेल वाटतं ते सांगतो.

क्रॅकबरोबर बहुतेक माहिती चोरणारा प्रोग्रॅम आला. तो स्क्रीनवर काही दाखवत नाही, कॉम्प्युटर हळू करत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड आणि कुकी उचलतो, पाठवून देतो, संपलं. कुकी म्हणजे "हा माणूस आधीच आत आलाय" असा पास. तो पास हातात असला की पासवर्डही लागत नाही, ओटीपीही नाही. चोरानं आत येऊन आठ-पंधरा दिवस नुसतं वाचलं असणार. कोणाकडून किती येणं, तुम्ही कसं लिहिता, सही कशी. मग शिरोलीची मेल. तुम्ही पासवर्ड बदललात तेव्हा तो बाहेर पडला, पण जाताना मागचं दार उघडं ठेवून गेला. म्हणून पुढच्या मेल तुमच्या पत्त्यावरून जात नाहीत, पण इन्व्हॉइसचा तपशील त्याला अजून मिळतोय.

आता हे करा, आणि शेडच्या कॉम्प्युटरवरून नको, तो संशयित आहे. मुलाच्या लॅपटॉपवर जीमेल उघडा. सेटिंगमध्ये जाऊन 'फॉरवर्डिंग' चं पान बघा, म्हणजे मेल आपोआप दुसरीकडं पाठवायचं, मग 'फिल्टर्स' चं, म्हणजे कुठल्या मेलचं आपोआप काय करायचं त्याचे नियम. तुम्ही न केलेलं काही दिसलं तर आधी फोटो काढा, मग उडवा. नंतर गुगल खात्यात सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' बघा, अनोळखी असतील त्यांना साइन आउट करा. जोडलेली ॲप्स बघा. रिकव्हरीचा नंबर आणि मेल कोणाची आहे बघा. हे सगळं झाल्यावर पासवर्ड चौथ्यांदा बदला.

वकील_नव्हे_कारकून
फोटोत तारीख येऊ द्या.

अनगोळचे_आजोबा
रिकव्हरी नंबर म्हणजे काय? माझा कुठला आहे कसं कळणार?

खानापूरची_माहेरवाशीण
आजोबा, पासवर्ड विसरला तर गुगल ज्या नंबरावर कोड पाठवतं तो. हे बघाच. सिम रिचार्ज न करता सोडून दिलं की नंबर बंद होतो, आणि बंद झाल्यावर 90 दिवसांनंतर कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे तुमच्या मेलची चावी अनोळखी माणसाच्या खिशात. माझ्याकडं दर आठवड्याला एक तरी असा येतो, "जुना नंबर बंद झालाय, ओटीपी तिकडंच जातोय." तुमच्या नावावर किती सिम आहेत ते केंद्र सरकारच्या संचार साथी साइटवर दिसतं, तेही बघून घ्या. एका मावशींच्या नावावर चार निघाले, मावशींकडं फोन एकच.

निपाणीचा_मावळा
आमच्या वखारीच्या कॉम्प्युटरला विंडोज 7 आहे. मस्त चाललंय. बदलायला लागेल का?

किल्लातलाव
मावळे, विंडोज 7 ची देखभाल 14 जानेवारी 2020 ला संपली. विंडोज 10 ची सुद्धा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, वर ज्यांनी नोंदणी केली त्यांना एक वर्षाची जादा मुदत. चालेल हो, फळकूट मोडलेलं दार पण उघडझाप होतं. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस आला, जगभर कॉम्प्युटर लॉक झाले, बिटकॉइनमध्ये खंडणी. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने ज्यांनी अपडेट "नंतर, नंतर" केलं ते सापडले. वखारीचा हिशोब नेटशिवाय होत असेल तर नेटची वायर काढून ठेवा. आणि हिशोबाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, ती डिस्क काम झालं की काढून कपाटात. लावून ठेवलीत तर खंडणीवाला तीही लॉक करतो.

निपाणीचा_मावळा
म्हणजे एवढी वर्षं भरलेले अँटिव्हायरसचे पैसे?

कुंदाप्रेमी
कुत्र्याच्या खात्यात धरा.

धारवाडी_पेढा
रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य? मग शिरोलीवाल्यांना बँकेनं पैसे परत द्यावेत की.

वकील_नव्हे_कारकून
तो 2017 चा नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी आहे. इथं शिरोलीवाल्यांनी स्वतः बसून पैसे पाठवले. फसून पाठवले, पण पाठवले. शून्य जबाबदारी इथं लागणं कठीण. त्यापेक्षा कामाची गोष्ट सांगतो. एप्रिल 2025 पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना समोरच्या खातेदाराचं नाव आधी बघता यावं, अशी सोय बँकांनी द्यायची आहे. नाव बघितलं असतं तर टर्नरच्या शेडऐवजी भलताच माणूस दिसला असता.

उद्यमबागचा_टर्नर
मंडळी, सापडलं.

पोरगा पुण्याहून आला, त्याच्या लॅपटॉपवर उघडलं. फॉरवर्डिंगचं पान बाहेरून साधंच दिसत होतं, म्हटलं काही नाही. फिल्टरच्या पानावर एकच ओळ. मेलमध्ये इन्व्हॉइस, पेमेंट, बँक, आरटीजीएस यातला कुठलाही शब्द असला की ती एका पत्त्यावर पाठवायची, इनबॉक्सला दाखवायची नाही आणि वाचली म्हणून खूण करायची. पत्ता पुन्हा तोच, 'आर' 'एन' वाला. म्हणजे गिऱ्हाइकांनी "खातं का बदललं?" म्हणून लिहिलेल्या मेल मला कधी दिसल्याच नाहीत. 'ऑल मेल' मध्ये शोधल्या तर अकरा निघाल्या, सगळ्या वाचलेल्या. एक शिरोलीवाल्यांची, पैसे टाकायच्या आदल्या दिवसाची: "खातं बदलल्याची कृपया खात्री करावी." आणि तिला उत्तर गेलंय. माझ्या नावानं. "होय, बरोबर आहे."

ते वाचून खुर्चीतच बसून राहिलो. त्यांना मी फोनवर काय काय बोललोय.

फोटो काढले, फिल्टर उडवला. डिव्हाइसच्या यादीत अनोळखी काही नव्हतं. रिकव्हरी नंबर 2011 चा होता, केव्हाच बंद झालेला, तो बदलला. संध्याकाळी शिरोलीला गेलो, अर्धा किलो कुंदा घेऊन. त्यांनी 1930 ला केलाय. 2,86,740 पैकी 41,000 एका खात्यात सापडून गोठलेत म्हणे. बाकीचं दोघांनी निम्मं निम्मं सोसायचं ठरवलं. आता सगळ्या गिऱ्हाइकांना चिठ्ठी पाठवलीय, मेल नव्हे, कुरिअरनं. खातं बदललंय असं कोणीही कळवलं तर माझ्या जुन्या नंबरावर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही.

खानापूरची_माहेरवाशीण
दादा, ती चिठ्ठी इथं टाका ना. मराठीत आणि कन्नडमध्ये करून केंद्राच्या भिंतीवर लावते. कन्नडचं काकू बघतील.

शहापूरचा_पुण्यात
आणि क्रॅक? तो अजून त्या कॉम्प्युटरवर असेल तर पुढच्या महिन्यात हाच धागा वर काढायला लागेल. आता मात्र फॉर्मॅट खरंच मारा.

उद्यमबागचा_टर्नर
मारला. 800 चे 600 केले त्यानं. सॉफ्टवेअरच्या लायसनचा भाव विचारला. भाव ऐकल्यावर हॅकर बरा वाटला.

किल्लातलाव
सपाट ड्रॉइंगच असतील तर लिब्रेकॅड बघा. फुकट आहे, कायदेशीर फुकट.

उद्यमबागचा_टर्नर
टाकलंय. फ्लँजची एक ड्रॉइंग काढली, परिमाणाचे बाण उलटे येतायत. कोणी वापरतंय का इथं?

जांबोटीचा_मधमाशा
त्याला वेगळा धागा काढा की ओ.